पालखी थांबायची ते दार

माझ्या हातून एक बाई खोडली गेली, तेव्हा मी वडापाव खात होतो. एका हातात वडापाव, दुसऱ्या हातात माऊस आणि समोर भैरोबाच्या यात्रेचा फ्लेक्स. आमच्या धंद्यात देव डाव्या कोपऱ्यात असतो आणि उरलेल्या जागेत भक्त. वर मोठे भक्त, मध्ये मध्यम भक्त, खालच्या रांगेत वर्गणीपुरते भक्त. फाइल तयार होती, छपाईला जाणार, तेवढ्यात यात्रा कमिटीतल्या बजरंगचा फोन आला.

"अजून एक फोटो टाक. भावी नगरसेवकांचे मेव्हणे. नको म्हणता येत नाही रे."

खालच्या रांगेत मुंगीलाही शिरायचं तर गॉगल काढून शिरावं लागलं असतं. चेहरे लहान करावेत तर उद्या प्रत्येक जण कमानीखाली उभा राहून आपलं डोकं वितीने मोजणार. म्हणून मी रांगेवरून नजर फिरवत स्वतःला एकच प्रश्न विचारत गेलो : हा उडवला तर मला मारायला कोण येईल? गळ्यातल्या साखळ्या, पिळलेल्या मिशा, कानाला उगाचच लावलेले मोबाईल. सगळ्यांसाठी कोणी ना कोणी आलं असतं. अगदी शेवटी, कोपऱ्यात, डोक्यावरून पदर घेतलेली एक वयस्कर बाई होती. फोटो पासपोर्टसाठी काढतात तसला, आणि चेहरा फोटोग्राफरवर खेकसण्याच्या बेतातला. हिच्यासाठी कोणी येणार नाही, असं मला वाटलं. खालचं नावसुद्धा वाचलं नाही. क्लिक केलं, उडवलं, तिथे मेव्हणे बसवले. चपखल बसले.

मी करमाळ्याचा. सदाशिव पेठेत डीटीपीचा क्लास केला, तिथेच एका खोलीत चौघांत मिळून राहतो आणि बसने वारज्याच्या पुढे कामाला जातो. दुकान दिगंबररावांचं. तेही पेठेतलेच, स्कूटरवरून येतात. त्यांना फ्लेक्स आवडत नाहीत, फ्लेक्सवरची माणसं आवडत नाहीत आणि मीही फारसा आवडत नाही, पण तिन्हींवर त्यांचं घर चालतं. "तुमच्याकडे मोकळी जागा दिसली की बाभूळ उगवते," ते मला म्हणाले होते, "इथे फ्लेक्स उगवतो. बाभळीला निदान शेळ्या खातात."

दुकान ज्या गावात आहे ते गाव कागदावर उरलेलं नाही. महापालिकेने गिळलं. मधे जुनं गावठाण, देऊळ, चार बोळ. आणि भोवती इंग्रजी झाडांच्या नावांच्या सोसायट्या. त्या झाडांपैकी एकही झाड तिथे नाही. चैत्रातली यात्रा मात्र अजून जुन्या गावाची आहे. वर्षातले दोन दिवस ते पालिकेच्या पोटातून डोकं बाहेर काढतं.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स कमानीवर चढला आणि बजरंग दोन पोरांना घेऊन दुकानात आला. माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, "भावा, मानलं. आम्ही दोन-तीन वर्षं नुसतं बोलतोय, हिंमत कोणाची होत नव्हती. अण्णांनीच सांगितलं ना शेवटी?"

मला वाटलं, मेव्हण्यांचा फोटो बरा कापला म्हणून कौतुक चाललंय. मी म्हणालो, "हो."

दुपारी स्वतः अण्णा आले. हिंदुराव अण्णा, कमिटीचे अध्यक्ष. हायवेकडची निम्मी जमीन विकली, निम्मीवर इमारत बांधली, पण चप्पल अजून शेतातलीच घालतात. आधी बाहेर कमानीखाली बराच वेळ मान वर करून उभे होते. मग आत येऊन म्हणाले, "तांबोळीण कुठं गेली रं?"

"कोण?"

"मदिनाबी. कोपऱ्यात आसती दर साली."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि उजेडात पहिली दिसली ती माझी नोकरी. चूक माझी, हे त्या घडीला सांगितलं असतं तर अण्णा चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. पण मी म्हणालो, "मला कमिटीकडूनच असं आलं, अण्णा."

त्यांनी खाली बघत पायातली चप्पल नीट केली. "पोरांनी ठरवलं व्हय," असं स्वतःशीच म्हणाले आणि गेले.

म्हणजे पोरांना वाटलं अण्णांनी ठरवलं. अण्णांना वाटलं पोरांनी ठरवलं. यात्रा तोंडावर, वरून निवडणूक जवळ. कोण कोणाला विचारणार? खरं तर ठरवलं होतं एकट्या मेव्हण्यांनी, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

संध्याकाळी मी देवळाच्या बोळात गेलो. पान खायला, असं स्वतःला सांगितलं. मला जी बाई उडवली ती बघायची होती.

मदिनाबीची पानाची गादी घराच्याच ओट्यावर आहे. ओल्या फडक्यात पानं गुंडाळलेली, पितळेचा चुन्याचा डबा, आणि मागे भिंतीला टेकून ती. फोटोत होती तशीच, फक्त पूर्ण. पानं एकेक करून उलटत होती. सडकं निघालं की न बघता मागे टाकायची.

"काय पायजे?"

"एक पान द्या, काकी."

"कसलं? जेवल्यावरचं, का जेवाय मिळालं न्हाई म्हनून?" पान हातात घेत तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू त्या दिगंबररावाकडचा न्हवं? मग तूच का मला खोडनारा?"

दारात तिचा मुलगा रियाज मोटरसायकल पुसत होता. हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतो. त्याचा हात थांबला.

"काकी, जागा नव्हती," मी म्हणालो.

त्या बाईला हसू आलं. चेष्टेचं नाही, एखाद्या पोराने बरा बहाणा सांगितला की मास्तरांना येतं तसलं. "रियाज, ऐकलं का? जागा नव्हती म्हनतंय लेकरू."

"मी दुसरं काय सांगतोय, अम्मी," रियाज म्हणाला आणि पुन्हा गाडी पुसायला लागला.

"अहो, खरंच. एक फोटो जास्तीचा आला ऐनवेळी."

"आसंच आसतंय बाबा. एक वाढला की एक कमी करावाच लागतोय." तिने पानाला लवंग टोचली आणि माझ्या हातावर ठेवलं. "तुझ्यावर राग न्हाई. तू चाकरीचा मानूस. सांगितलं तेवढं केलंस."

मी आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या आणि त्या खपल्या. हे एक खरं सांगितलं, ते कोणी घेईना.

मग मी रोजच पान खायला लागलो. दात लाल झाले आणि हळूहळू गोष्ट कळत गेली. यात्रेच्या दिवशी तिन्हीसांजेला भैरोबाची पालखी देवळातून निघते आणि पहिली थांबते ती तांबोळ्याच्या दारात. वाजंत्री गप्प होतात. तांबोळ्याच्या घरचा विडा पालखीत ठेवला जातो, मगच देव पुढे गावात जातो. का, ते कोणालाच माहीत नाही. मी तिघांना विचारलं तर तीन गोष्टी मिळाल्या, आणि तिन्हींत एक पाटील, एक दुष्काळ आणि एक स्वप्न होतं. मात्र एक रीत पक्की : आदल्या दिवशी कमिटीचा माणूस नारळ घेऊन तांबोळ्याच्या घरी येतो आणि म्हणतो, "उद्या विडा आणा." बोलावल्याशिवाय विडा द्यायचा नाही.

मदिनाबी या गावात सून म्हणून आली. नवरा मेहबूब गादी चालवायचा, विडाही तोच द्यायचा. तो एकाएकी गेला तेव्हा रियाज शाळेत होता. दिवस उलटले, तरी ती घराबाहेर पडली नव्हती. गादी बंद. माहेरची येरवड्याची माणसं म्हणत होती, चल इकडे, तिथे तुझं कोण आहे? तेवढ्यात यात्रा आली आणि आदल्या दिवशी हिंदुराव अण्णांचे वडील नारळ घेऊन दारात उभे राहिले.

"मी आतनंच म्हनलं, घरात बाप्या मानूस न्हाई," तिने मला सांगितलं. "तर थोरलं अण्णा म्हनलं, विडा घराचा हाय, मानसाचा न्हवं. तू दे. मी म्हनलं, मी रांडमुंड बाई, त्यात मुसलमानाची, देवाला कशी शिवू? तर म्हनलं, देवाला म्या इचारलंय, त्याची हरकत न्हाई. तुझी आसंल तर बोल." तिने पानाचा देठ खुडला. "थापाच मारत हुता म्हातारा. देवाला कवा इचारलं हुतं त्यानं."

दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन दाराबाहेर आली, सगळ्या गावासमोर. त्यानंतर गादी उघडली. येरवड्याला गेली नाही. गावाने तिला काय दिलं असं कोणी विचारलं तर तेवढंच : दाराबाहेर यायला एक निमित्त. पुढे दर वर्षी ते निमित्त नारळासकट येत राहिलं आणि त्यावर तिने पोरगं वाढवलं, घर राखलं. भांडणंही केली, त्यात अण्णांच्या बायकोशी नळावरून झालेलं भांडण गाजलेलं आहे. ज्याच्याशी भांडता येतं ते गाव आपलं. हे मला करमाळ्यात कळलं नव्हतं; तिथे मी सगळ्यांशी गोड बोलायचो.

आता प्रश्न एवढाच होता : यंदा नारळ येणार की नाही.

मी बजरंगकडे गेलो. तो मंडपाच्या बांबूंजवळ उभा होता. म्हटलं, तो फ्लेक्स म्हणजे माझा घोळ आहे, अण्णांनी काही सांगितलेलं नाही.

त्याने एक बांबू हलवून बघितला. मग मला जरा बाजूला घेतलं. "ऐक. मला काकींचं वाईट वाटत नाही असं समजू नकोस. लहानपणी त्यांच्याकडून फुकट गुलकंद खाल्लाय मी. पण आता सोसायट्यांतली माणसं येतात यात्रेला, वर्गणी देतात, व्हिडिओ काढतात. मागच्या वर्षी एक जण विचारत होता, देवाच्या पालखीत हे काय? उत्तर देत कोण बसणार? आपोआप झालंय ना? मग होऊ दे. घोळ होता हे कोणाला सांगू नकोस."

"पण कोणी ठरवलंच नव्हतं."

"तेच तर बरं आहे," तो म्हणाला.

मग अण्णांकडे गेलो. ते इमारतीच्या जिन्याखाली खुर्ची टाकून बसले होते. वर राहायला आवडत नाही त्यांना. मी सगळं सांगितलं, वडापावासकट. मला वाटलं शिव्या बसतील. मला त्या हव्याही होत्या.

अण्णा समोरच्या पार्किंगकडे बघत बसले. तिथे पूर्वी त्यांची विहीर होती.

"म्हंजी कुनीच ठरवलं न्हवतं?"

"नाही, अण्णा."

"आरं तिच्या." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पोरांनी ठरवलं म्हनून मी गप बसलो. आता कुनीच ठरवलं न्हाई म्हनल्यावर मला ठरवावं लागंल की."

"मग नारळ घेऊन जा ना तुम्ही."

"तुला सोपं वाटतंय. दर साली गेलो तेव्हा नुसता नारळ हुता. यंदा गेलो तर तिची बाजू घेऊन गेलो म्हनतील." ते उठले, पुन्हा बसले. "तू फ्लेक्स दुसरा छाप. तिला घाल त्यात. मग बघू."

मी दुसरा छापला. मेव्हण्यांना जरा सरकवलं, मदिनाबीला कोपऱ्यात बसवलं. मनात आणलं असतं तर पहिल्यांदाच बसली असती, हे तेव्हा दिसलं. दिगंबररावांनी चष्म्यावरून बघितलं. "एवढं मोठं कापड एका बाईसाठी? ठीक आहे. लावणार कोण?"

लावलं कोणी नाही. बजरंग म्हणाला, दुसरा लावला तर लोक विचारतील, पहिल्यात का नव्हती. आणि अण्णा यात्रेच्या आदल्या दिवशी गावात नव्हते. पाहुण्यांकडे गेले होते म्हणे. यात्रेच्या आदल्या दिवशी पाहुणे गावात येतात. गावातला माणूस पाहुण्यांकडे गेल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी मदिनाबी गादीवर बसून होती. बोळातून कोणी आलं की मान वर व्हायची, मग पुन्हा पानं. रियाज कामावरून आला. त्याने हेल्मेटही काढलं नाही.

"अम्मी, उद्या खालाकडे जाऊ येरवड्याला. पालखी पुढनं जाताना दारात बसून बघायची नाही."

"यात्रंच्या दिवशी घराला कुलूप घालू? लोक म्हनतील तांबोळीण मेली."

"लोक काहीच म्हणणार नाहीत. तेच तुला कळत नाही." तो माझ्याकडे वळला. "बघ ना, भांडायला कोण समोर आलं असतं तर भांडलो असतो. सगळे भेटले की म्हणतात, काय रियाज, बरं आहे ना? बस कशी चालते? मी कोणाशी भांडू? तुझ्याशी?"

मी म्हणालो, "माझ्याशी भांड." तो हेल्मेटसकट आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर पालखी निघाली. मी बोळात भिंतीला चिकटून उभा होतो. मदिनाबीने गादी आवरली होती, उंबरठा धुतला होता. दार उघडं होतं आणि ती आत, अंधाराच्या कडेला. हातात ताट होतं. विडा केलेला होता. बोलावणं नव्हतं तरी केला होता.

मला वाटलं होतं, पालखी सरळ पुढे जाईल. पण खांदेकऱ्यांच्या पायांना कोणी सांगितलं नव्हतं. ते त्या दारापाशी आले आणि हळू झाले. हलगीवाला लांबच्या गावचा, दर वर्षी येणारा. त्याने सवयीने हात उचलला आणि हलगी थांबली. ताशाही थांबला. सगळा बोळ गप्प झाला. पालखी त्या दारासमोर उभी होती आणि एवढी माणसं एकमेकांची तोंडं न बघता उभी होती.

अण्णा पालखीच्या पुढे होते, नवा फेटा बांधून. त्यांनी एक शब्द उच्चारायचा होता. "या." एवढाच. मला त्यांचा गळा हललेला दिसला. मदिनाबीनेही बघितला असणार, कारण तिने ताट जरा वर उचललं.

अण्णांनी नजर खाली घातली.

कोणीच बोलेना म्हणून मी बोललो. "काकी, या की."

बोळातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. करमाळ्याचा एक फ्लेक्सवाला, ज्याचं या गावात घर नाही, देव नाही, मत नाही. मदिनाबीने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. रागाने नाही. तुझं काम नव्हे हे, एवढंच त्यात होतं. ती उंबऱ्याच्या आतच राहिली.

"चला, चला, पुढे उशीर होतोय," बजरंगचा आवाज आला. हलगी सुरू झाली. पालखी गेली. कोणी काही वाईट बोललं नाही, कोणी धक्काबुक्की केली नाही, पोलिसांना काही करावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एखाद्याने विचारलं असतं, काय झालं, तर खरोखरच सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी दारात गेलो. मदिनाबी खाली बसून विड्यातल्या लवंगा काढत होती. पानं एकेक सोडवून तिने पुसली आणि ओल्या फडक्यात ठेवली.

"चांगली हायत पानं," ती म्हणाली. "उद्या खपतील."

आणि खपली. सकाळी अण्णा नेहमीसारखे आले, ओट्याच्या कडेला टेकले. तिने नेहमीसारखा चुना लावला. मी शेजारीच होतो. दोघांपैकी कोणीही मला तिथून जा म्हणालं नाही, आणि दोघंही एकमेकांशी बोलले नाहीत. अण्णांनी पान तोंडात घातलं आणि बराच वेळ चावलंच नाही.

यात्रेचा दुसरा दिवस मटणाचा. गावात रीत आहे की त्या दिवशी परक्या माणसाला धरून ओढून जेवायला बसवतात. फ्लेक्सवर मी चाळीसएक चेहरे बसवले होते, पण मला ओढायला त्यातलं कोणी आलं नाही. मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, तर रियाज आला. हातात झाकणाचा स्टीलचा डबा.

"अम्मीने दिलाय. यात्रेला आलेला माणूस उपाशी जायला नको म्हणते."

"तू जेवलास?"

"माझं सोड," तो म्हणाला. जाताना थांबला. "तू हाक मारलीस ते बरं केलंस असं मी म्हणणार नाही. तिला त्याचाच जास्त त्रास झाला. पण मारलीस."

डब्यात भाकरी आणि रस्सा होता. मी पायरीवरच जेवलो. तिखटाने डोळ्यांतून पाणी येत होतं, हे सांगायला सोयीचं आहे.

पुढच्या वर्षी बजरंगने फ्लेक्ससाठी नवी नावं दिली. विड्याचा मान आता देवळातच, मेव्हण्यांच्या हस्ते. रांगेत यंदा दोन जागा रिकाम्या राहिल्या. दिगंबरराव म्हणाले, तिथे झेंडूची फुलं टाक. मी फुलं टाकली. पालखी तांबोळ्याच्या दारापाशी किंचितही हळू झाली नाही. खांदेकरी बदलले होते. दार बंद होतं. मदिनाबी येरवड्याला गेली होती. दोन दिवसांनी परत आली आणि गादी उघडली. कोणी विचारलं नाही, कुठे गेली होतीस.

मी अजून तिच्याकडे पान खातो. तो डबा मात्र अजून माझ्याच खोलीत आहे. घासून, पुसून, खिडकीत ठेवलाय. मोकळा डबा परत द्यायचा नसतो हे मलाही कळतं, आणि त्यात काय भरून द्यावं हे वर्ष उलटलं तरी कळलेलं नाही. एकदा चितळ्यांच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. रांगेत उभा राहिलो, नंबर आला, आणि मागच्या माणसाला म्हटलं, तुम्ही घ्या.

"डबा हाय का रं माझा, का मोडलास?" मदिनाबी परवा म्हणाली.

"आहे काकी. आणतो."

"आन सावकाश," ती म्हणाली आणि पान उलटलं. "घाई न्हाई."